कोइझुमी याकुमो आणि सेत्सुबाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यायचे अशी रीत पडून गेली आहे. आजवर या पानांवर संत आले, समाजसुधारक आले, देशभक्तही आले. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी जरा दूरच्या माणसाचे नाव सुचविले. लाफ्काडिओ हर्न हे ते नाव. ग्रीसमधल्या एका बेटावर जन्म, आयर्लंडात बालपण, अमेरिकेत तारुण्य आणि जपानात अखेर, असा या माणसाचा प्रवास. जपानी लोक त्यांना कोइझुमी याकुमो या नावाने ओळखतात. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारा माणूस थोर कसा, असे आमच्यातल्या एका भगिनीने हसून विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर मात्र जरा वळणाचे आहे, कारण मला हर्न यांच्याइतकेच त्यांच्या पत्नीविषयी सांगायचे आहे.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी लेफ्काडा बेटावर झाला. त्या बेटावरूनच मुलाचे नाव पडले. वडील चार्ल्स हर्न हे इंग्रजी सैन्यातले आयरिश डॉक्टर. आई रोझा ही ग्रीक. रोझाला इंग्रजी येत नव्हते, लिहिता-वाचताही येत नव्हते. मूल दोन वर्षांचे असताना ती त्याला घेऊन सासरी डब्लिनला आली. नवरा पलटणीबरोबर दूर, हवा थंड व धुकट, आजूबाजूला कोणाला तिची भाषा कळेना. दोन वर्षांत ती खचली आणि मुलाला तिथेच ठेवून १८५४ साली माहेरी परतली. पुढे नवऱ्याने लग्न रद्द ठरवून घेतले. त्याला आधार कसला, तर लग्नाच्या कागदावर रोझाची सही नव्हती! साक्षरतेचे महत्त्व आपण सभांतून पुष्कळ ऐकतो, पण एक सही नसल्यामुळे बाईचा संसार कागदावरून पुसला जातो हे वाचून माझ्या पोटात धस्स झाले. चार्ल्सने दुसरे लग्न केले आणि नव्या बायकोला घेऊन तो पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. रोझाची आणि लेकाची पुन्हा कधीच भेट झाली नाही. तरीही आपल्यात जे काही चांगले आहे ते आईकडून आले आहे, असे हर्न यांनी चाळिशीत आपल्या धाकट्या भावाला कळविले. हा भाऊही त्यांनी पाहिला नव्हता.

मुलाला वडिलांच्या एका श्रीमंत मावशीने वाढविले. हा पोर अंधाराला फार भिई. खोलीत आकृत्या दिसतात म्हणून रडे. भीती मोडावी या हेतूने त्याला रात्री दिवा काढून नेऊन खोलीत कोंडून ठेवीत. हेतू चांगला, पण उपाय किती निर्दय! पन्नाशीच्या सुमारास हर्न यांनी त्या रात्रींवर एक निबंध लिहिला, म्हणजे त्या किती खोल रुतल्या होत्या ते दिसते. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना दोराची गाठ लागून त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. उजव्यालाही कमीच दिसे आणि ताणामुळे तो मोठा झाला होता. त्यांच्या छायाचित्रांत डावी बाजू बहुधा लपविलेली असते. पुढे मावशीचा पैसा बुडाला, शाळा सुटली, आणि १८६९ साली एकोणीस वर्षांच्या या मुलाला अमेरिकेच्या बोटीत बसवून दिले गेले.

सिनसिनाटी शहरात त्यांनी उपासमार सोसली. वॅटकिन नावाच्या एका वृद्ध छापखानेवाल्याने आसरा दिला, जुळारीचे काम शिकविले, आणि पुढे ते वर्तमानपत्रात बातमीदार झाले. राहत असत त्या खाणावळीत मॅटी फोली नावाची स्वयंपाकीण होती. तिचा जन्म गुलामीत झालेला. तिला भुते दिसत असे ती सांगे, आणि सांगण्याची हातोटी अशी की हर्न तासन्‌तास ऐकत बसत. तिने सांगितलेले अनुभव त्यांनी वर्तमानपत्रात छापलेही. १८७४ साली दोघांनी लग्न केले. ओहायो राज्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी होती. त्यापायी हर्न यांची नोकरी गेली, पण तो संसारही टिकला नाही. १८७७ साली ते शहर सोडून निघून गेले. हर्न यांच्या मृत्यूनंतर मॅटीने त्यांच्या मिळकतीवर हक्क सांगितला तेव्हा कोर्टाने ते लग्न धरलेच नाही. रोझाचे लग्न सहीवाचून गेले, मॅटीचे कातडीच्या रंगापायी. चरित्रकार हा भाग लवकर आटोपतात. मला तो तसा आटोपता आला नाही.

पुढची दहा वर्षे न्यू ऑर्लिन्समध्ये गेली. तिथे क्रिओल नावाचे मिश्र लोक राहतात. फ्रेंच, आफ्रिकन, स्पॅनिश अशी सगळी रीतभात त्यांच्यात मिसळलेली. हर्न यांनी त्यांच्या म्हणी गोळा केल्या आणि त्यांच्या स्वयंपाकाचेही एक पुस्तक केले. दोन्ही १८८५ साली प्रसिद्ध झाली. म्हण आणि आमटी एकाच घरातून मिळते हे त्यांना कळले होते. त्याच सुमारास, १८८४ साली, त्यांनी निरनिराळ्या देशांच्या जुन्या कथा नव्याने सांगणारे पुस्तक काढले. त्यात हिंदुस्थानातल्या व बौद्ध कथा होत्या, फिनलंडच्या होत्या, मुसलमान देशांतल्या होत्या, यहुद्यांच्या ताल्मुदातल्याही होत्या. पण हे सारे ग्रंथालयात बसून केलेले काम. ऐकण्यासाठी ते १८८७ साली मार्टिनीक बेटावर गेले आणि जवळजवळ दोन वर्षे तिथे राहिले. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायका, धुणे धुणाऱ्या बायका, घरकाम करणारी बाई या सगळ्यांची बोली व समजुती त्यांनी टिपून ठेवल्या. १९०२ साली तिथला ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर हे गाव हजारो माणसांसह काही मिनिटांत जळून गेले. त्या गावाचे बोलणे-चालणे आता हर्न यांच्या पुस्तकात वाचायचे.

एप्रिल १८९० मध्ये ते जपानात उतरले. एका मासिकासाठी लेख लिहायचे आणि परतायचे असा बेत होता. मासिकवाल्यांशी लवकरच बिनसले, आणि त्यांनी मात्सुए नावाच्या आडगावी शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी धरली. पगार महिना शंभर येन, त्या गावाच्या मानाने भरपूर. तिथला पहिला हिवाळा त्यांना बाधला. एकट्या परदेशी माणसाचे घर सांभाळायला एक बाई हवी होती. १८९१ च्या आरंभी त्यांच्या घरी आल्या त्या सेत्सुबाई.

सेत्सुबाईंचे माहेर कोइझुमी हे जुने सामुराई घराणे, म्हणजे आपल्याकडच्या सरदार-शिलेदारांसारखे. त्यांचा जन्म १८६८ चा. नेमक्या त्याच वर्षी जुनी राजवट गेली आणि या घराण्यांचे वतन बुडाले. जन्मताच त्यांना इनागाकी नावाच्या नातलगांकडे दत्तक दिले होते. त्या घरीही दारिद्र्य आले. अकराव्या वर्षी शाळा सुटली, आणि मुलगी मागावर कापड विणू लागली. पुढे एक घरजावई आणला, तो वर्षभरात कर्जाला कंटाळून पळून गेला. माहेरचे आणि दत्तक घरचे अशा दोन्हीकडच्या माणसांचे पोट या एका मुलीच्या हातांवर! परक्या देशाच्या माणसाकडे कामाला राहणे म्हणजे गावात बोलणी खाणे. ते त्यांनी पत्करले. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, हर्न चाळीस. हळूहळू मालक-मोलकरणीचे नाते नवरा-बायकोचे झाले.

त्यांची भाषा ही एक गंमतच होती. हर्न यांना जपानी वाचता येत नसे. बोलत ते मोडके, प्रत्यय गाळून, क्रियापदे जशीच्या तशी ठेवून. सेत्सुबाईंनी एका वहीत इंग्रजी शब्द आपल्या लिपीत, कानाला लागतील तसे, उतरवून ठेवले होते. शेवटी दोघांची मिळून एक तिसरीच बोली झाली, जी बाहेरच्या कोणाला कळत नसे. याच बोलीत त्या जगप्रसिद्ध गोष्टी सांगितल्या गेल्या.

सेत्सुबाईंना लहानपणापासून गोष्टींचे वेड. घरातली म्हातारी माणसे दिसली की ही पोर गोष्ट सांगा म्हणून मागे लागे. आरंभीच्या दिवसांत त्यांनी हर्न यांना सांगितलेली एक गोष्ट तोत्तोरी गावच्या गोधडीची. ती त्यांनी आपल्या पहिल्या, पळून गेलेल्या नवऱ्याकडून ऐकली होती असे सांगतात. एका गरीब माणसाने नवी खाणावळ काढली. पहिलाच पाहुणा मध्यरात्री घाबरून उठला, कारण त्याच्या पांघरुणातून दोन लहान मुलांचे आवाज येत होते. एक म्हणे दादाला थंडी वाजत असेल, दुसरा म्हणे नाही, तुलाच वाजत असेल. मालकाने ती गोधडी कोठून आली त्याचा माग काढला. जुन्या सामानाच्या दुकानांतून तो मागे मागे गेला तेव्हा कळले की ती आठ आणि सहा वर्षांच्या दोन पोरक्या भावांची होती. भाडे थकले म्हणून घरमालकाने त्यांची शेवटची गोधडी काढून घेतली आणि त्यांना बर्फात बाहेर घातले. एकमेकांना मिठी मारून दोघे गोठून गेले. मालकाने गोधडी देवळात दिली, भिक्षूंनी त्या जिवांसाठी पाठ केले, आणि आवाज थांबले. ज्याला चार वर्षांचा असताना आई सोडून गेली आणि ज्याने आपला सख्खा भाऊ पाहिला नव्हता, त्या माणसाने ही गोष्ट कशी ऐकली असेल!

मग गोष्टी हाच दोघांचा धंदा झाला. सेत्सुबाई जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरत, कथांची पुस्तके आणीत, दिवसा वाचीत. रात्री वात बारीक करून त्या सांगायला बसत. हर्न यांची अट एकच होती: पुस्तक हातात घ्यायचे नाही. वाचून दाखविलेले त्यांना चालत नसे. गोष्ट सेत्सुबाईंच्या मनात मुरून, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या विचाराने बाहेर आली पाहिजे. त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट आधी आपलीशी करावी लागे, इतकी की रात्री त्यांनाच भयंकर स्वप्ने पडत. ऐकताना हर्न यांचा चेहरा पांढरा पडे. एखादे वाक्य आवडले की ते पुनःपुन्हा म्हणायला लावीत: ती बाई हे कोणत्या स्वरात म्हणाली असेल, लाकडी खडावांचा आवाज त्या वेळी कसा झाला असेल, बाहेर रात्र कशी होती. लहानपणी ज्याला दिवा काढून घेऊन शिक्षा केली, तो आता आपण होऊन दिवा मंद करायला सांगत होता. फरक एवढाच की आता अंधारात शेजारी कोणीतरी होते.

असे पुनःपुन्हा म्हणवून घेतलेले एक वाक्य भुतांच्या धबधब्याच्या गोष्टीतले आहे. ती गोष्ट आम्हा बायकांची आहे म्हणून थोडक्यात सांगते. कुरोसाका गावी ताग सोलण्याच्या शाळेत दिवसाचे काम संपवून बायका शेकोटीभोवती बसल्या आहेत. भुतांच्या गप्पा रंगतात. कोणीतरी म्हणते, आत्ता धबधब्याजवळच्या देवळात जाऊन दानपेटी घेऊन येईल तिला माझा आजचा सगळा ताग देईन. एकेक करून सगळ्याच देऊ करतात. ओकात्सु नावाची एक हिमतीची बाई उठते, झोपलेले मूल पाठीशी बांधते आणि निघते. देवळापाशी तिला कोणीतरी नावाने हाक मारते, दटावते. ती पेटी उचलून धावत परत येते. सगळ्या तिची वाहवा करतात. एक म्हातारी तिच्या पाठीवरचे मूल सोडवायला जाते, हाताला ओले लागते, आणि ती रक्त म्हणून किंचाळते. मुलाचे डोके नाहीसे झालेले असते. गोष्ट तिथेच थांबते. हर्न यांनी तिला पुढे काही जोडले नाही, देवाच्या वस्तूला हात लावू नये असा उपदेशही केला नाही. पापड लाटायला आपण चार जणी जमलो की कशा एकीवर एक गोष्टी निघतात ते आठवून पाहा, म्हणजे ती ताग सोलण्याची शाळा डोळ्यांपुढे येईल.

आंधळ्या होइचीची कथा लिहिताना तर घराचेच नाटक झाले होते. होइची हा वीणेसारखे वाद्य वाजवून युद्धकथा गाणारा आंधळा. मेलेल्या सरदारांची भुते त्याला रात्री गायला नेतात आणि शेवटी त्याचे कान तोडून नेतात. त्या दिवसांत हर्न संध्याकाळी दिवाच लावीत नसत. सेत्सुबाई शेजारच्या खोलीतून होइचीच्या नावाने हाक मारीत, आणि ते होइची होऊन, मी आंधळा आहे, आपण कोण, असे विचारीत. एकदा त्यांनी बाजारातून अशाच गायकाची बाहुली आणून गुपचूप मेजावर ठेवली, तर ते खऱ्याच होइचीला भेटल्यासारखे आनंदले. बाहेर बांबूची पाने सळसळली तरी ते कान टवकारीत, आणि तिकडे युद्धात सरदार पडताहेत असे म्हणत.

गोष्टींइतकेच त्यांनी धर्मावर लिहिले. त्या काळी परदेशातून आलेले विद्वान धर्म समजून घ्यायला ग्रंथांकडे नाहीतर मठाधिपतींकडे जात. हर्न देवळांत गेलेच, इझुमोच्या थोर मंदिराच्या आतल्या भागातही त्यांना प्रवेश मिळाला; पण त्यांचे खरे लक्ष घरातल्या देव्हाऱ्याकडे होते. घरातल्या बाईने पितरांपुढे सकाळी काय ठेवले, उन्हाळ्यातल्या बोन सणात मृतांना घरी कसे बोलावतात आणि दिवे सोडून कसे निरोप देतात, हे त्यांनी बारकाईने लिहिले. जिझो या देवावर त्यांनी लिहिलेली पाने मला फार आवडतात. जिझो म्हणजे आपल्याकडून चीनमार्गे तिकडे गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. मेलेली बाळे एका कोरड्या नदीच्या काठी दगडांचे मनोरे रचीत बसतात, राक्षस ते मोडतात, आणि जिझो त्या बाळांना आपल्या बाह्यांत लपवितो, अशी समजूत आहे. म्हणून त्याच्या मूर्तीपाशी आया खडे ठेवतात आणि तिला लाळेरे बांधतात. जपानी समाजाचे मूळ पितरांच्या पूजेत आहे असे प्रतिपादन करणारा त्यांचा मोठा ग्रंथ १९०४ साली निघाला. त्यांनी जुन्या जपानचे चित्र जरा जास्तच गोड काढले असा आक्षेप घेतात, आणि तो अगदी खोटा नाही. पण परक्या धर्माकडे हसून किंवा कीव करून पाहण्याच्या काळात हा माणूस चपला काढून ओट्यावर बसला.

आता त्या आक्षेपवाल्यांनीही मान्य करावी अशी एक गोष्ट. १८९३ साली थोरला मुलगा काझुओ झाला. नवरा इंग्रज प्रजाजन राहिला तर बायको-मुलांचे जपानी नागरिकत्व आणि मिळकत यांचा घोळ होणार होता. तेव्हा १८९६ साली हर्न यांनीच आपले नागरिकत्व सोडले, सासरच्या कोइझुमी घराण्यात ते दत्तक गेले आणि याकुमो हे नाव घेतले. सेत्सुबाईंची आई, दत्तक आईवडील, म्हातारे आजोबा अशा मोठ्या कुटुंबाचा भार ते चालवीत होतेच. वडिलांनी ज्या कागदाच्या जोरावर आईला टाकले, तसाच कागद लेकाने बायकोला धरून ठेवण्यासाठी केला. त्याच वर्षी त्यांना तोक्योच्या विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली. १९०३ साली तिथून त्यांना काढण्यात आले. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही.

कधीकधी सेत्सुबाई खंत करीत की आपण शिकलेल्या असतो तर यांना किती मदत झाली असती. एकदा हर्न यांनी त्यांना हात धरून कपाटापाशी नेले, आपली पुस्तके दाखविली आणि ही कोणामुळे झाली असे विचारले. शिकलेली बाई भुतांच्या गोष्टींना हसली असती, असेही ते म्हणत. हे वाचून कोणाचे डोळे भरून येणार नाहीत? आणि तरीही एक गोष्ट मला खटकते. त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक क्वाइदान. ते एप्रिल १९०४ मध्ये निघाले. त्याच्या छोट्या प्रस्तावनेत त्यांनी जुन्या जपानी ग्रंथांची नावे दिली आहेत. बर्फातल्या बाईची गोष्ट सांगणाऱ्या एका शेतकऱ्याचा, त्याच्या गावासकट, उल्लेख केला आहे. सेत्सुबाईंचे नाव त्यात नाही. ग्रंथ वाचले त्यांनी, पचविले त्यांनी, अंधारात बसून स्वर लावला त्यांनी. कदाचित घरच्या माणसाचे आभार काय मानायचे, असा त्या काळचा विचार असेल. आपल्याकडेही तो आहे.

२६ सप्टेंबर १९०४ रोजी हृदयविकाराने हर्न गेले. वय चौपन्न. घराजवळ एक जुने बौद्ध देऊळ होते, तिथल्या देवदारांखाली ते रोज फिरत. ती झाडे तोडली तेव्हा आपलेच कोणी गेल्यासारखे ते कष्टी झाले होते. त्याच देवळाच्या रीतीने त्यांचे अंत्यविधी झाले, आणि तोक्योतल्या झोशिगाया येथे त्यांना पुरले. मागे चार मुले होती, धाकटी मुलगी तर जेमतेम वर्षाची.

दहा वर्षांनी, १९१४ साली, त्यांचे जपानी चरित्र निघाले, त्यासाठी सेत्सुबाईंनी आपल्या आठवणी दिल्या. वात बारीक करणे, ती तिसरीच बोली, मेजावरची बाहुली, कपाटापुढचा तो प्रसंग, हे सारे आपल्याला कळले ते त्यांतूनच. त्या आठवणीही त्यांनी तोंडीच सांगितल्या आणि दुसऱ्याने लिहून घेतल्या. पण या वेळी त्यांवर नाव सेत्सुबाईंचे होते. १९१८ साली त्यांचे इंग्रजी भाषांतर झाले. १९३२ साली सेत्सुबाई वारल्या; झोशिगायाला नवऱ्याच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.